माझ्या कपड्यांतली पांढरी भुकटी

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, "इंटरस्टिशियल लंग डिसीज." म्हणजे फुफ्फुस आतून निबर होत जातं, फुगत नाही. माझ्या बायकोला, सुमनला, तेव्हा एक जिना चढला तरी दम लागायचा.

त्यांनी तिला विचारलं, "बाई, धुळीधुराचं काही काम करता?" तिनं तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "ती काय नाय करत. घरीच असते." आमच्यात दवाखान्यात बाईच्या वतीनं नवराच बोलतो. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

मग नुसत्या चकरा. रक्त झालं, थुंकी झाली. पीएफटी झाली, म्हणजे नळीत फुंकून दम मोजायचा. मला बाकावर बसवायचं नाही. सुमन म्हणायची, "अहो, आजारी मी हाय, येरझाऱ्या तुमच्या का?"

नाशिक रोडच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी मला आधी बाहेर काढलं. परत बोलावलं तेव्हा सुमन सांगत होती, "यांचे कामाचे कपडे मी रोज झटकते. तसेच भिजवले तर चिकट लगदा होतो. आज अकरा वर्षं झाली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कळलं का, मी घरी काय करते?"

मी नाशिकच्या अंबडला कारखान्याच्या एका शेडमध्ये रबरात घालायच्या पांढऱ्या भुकटीच्या गोण्या ओतायचो. गोणी उशीसारखी हलकी, म्हणून ते काम आम्हा म्हाताऱ्यांना. भुकटी उडाली की लवकर खाली बसायची नाही. तोंडाला फडकं बांधायचो, अंगावरचे कपडे घरी न्यायचो.

बाई म्हणाल्या, "यात नॅनो कण असू शकतात. म्हणजे डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक. फडक्यातून सरळ आत जातात."

"यानंच झालं का?"

"माहीत नाही, बाबा. यानंच झालं असं लिहू शकत नाही, आणि यानं नाही झालं असंही नाही. याची तपासणी जगात आत्ता कुठं सुरू झालीय. पण कपडे झटकणं आजपासून बंद."

शेडमधल्या साहेबाला विचारलं. तो म्हणाला, "काका, धूळ वजनावर मोजतात. आपली नियमात बसते." जिला वजनच नाही ती वजनात काय सापडणार? मी काम सोडलं. सुमन पुढं सात महिने ऑक्सिजनवर होती. मग गेली.

तुमच्या घरात अशी कोणी आजारी असेल तर तिला डॉक्टरांशी स्वतः बोलू द्या. कामाचे कपडे कामावरच ठेवा.

डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत. बाकीचे ठासून बोलले, त्या माहीत नाही म्हणाल्या. आता मी दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडे जाऊन नळीत फुंकतो. अकरा वर्षं ती भुकटी मी हातानं ओतली, आणि माझा दम अजून चांगला आहे. मग सुमन का गेली? ज्याला शोधायचं असेल त्यानं मला तपासावं. मी कुठंही यायला तयार आहे.