राउंडआधी झोपवलेली पोरगी

"उद्या डिस्चार्ज," चारच्या राउंडला डॉक्टरसाहेब म्हणाले. "पायात काही दोष नाही."

मी अकोल्यातल्या एका मेंदूविकारांच्या दवाखान्यात आया आहे. राउंडच्या वेळी आम्ही बोलत नाही. मी तर एरवीही फारशी बोलत नाही.

पल्लवी दहा वर्षांची, मूर्तिजापूरकडची. घरी झेंडूची शेती. सकाळी ठणठणीत, पण दिवस चढला की पाय वाकडे व्हायचे. एमआरआयमध्ये काही निघालं नव्हतं.

"नाटक करून राहिली साहेब," बाप म्हणाला. "सकाळी वावरात पळते अन् ट्युशनच्या टायमाले लंगडते. आता शाळाच बंद करतो तिची."

पोरीने चादर तोंडावर ओढून घेतली.

आमच्याकडे राउंडआधी सगळे पेशंट झोपलेले आणि चादरी सरळ लागतात. सकाळच्या राउंडला ती रात्रभर झोपून उठलेली असे. चारच्या आधी मीच तिला दोन तास झोपवायची. म्हणजे साहेबांना ती कायम आराम झालेलीच दिसली. वाकडे पाय दिसायचे मला, दुपारी बाथरूमला नेताना. तिथे ती कोणासाठी नाटक करणार?

शेवटी मी बोलले. "साहेब, तिले झोपू न देता पाहा ना एकदा."

"मावशी, तुमी कधी झाल्या डॉक्टर?" सिस्टर म्हणाली.

साहेब मात्र थांबले. मी सगळं सांगितलं.

"इतके दिवस का नाही बोललात?"

"कोणी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिला जागं ठेवलं. चारला चालवलं, तर पाऊल आत वळलं आणि तिसऱ्या पलंगाशीच तिने दांडी धरली. मग साहेबांनी तिला दोन तास झोपू देऊन पुन्हा पाहिलं. पाय सरळ!

त्यांनी बापाला समजावलं. आजार दुर्मीळ आहे. मेंदूत एक रसायन कमी बनतं, दिवसभरात ते संपतं, झोपेने थोडं भरून येतं. त्यावर गोळी आहे. गोळीने फरक पडला तर निदान पक्कं.

फरक पडला. काही दिवसांनी संध्याकाळी सहाला ती व्हरांड्यात भराभर चालत होती. बाप डोळे पुसत मागे पडत होता.

"बाबा, आता तुमीच लंगडून राहिले!"

"चाल वं माय, चाल. सोमवारी शाळेत सोडतो तुले."

मी जिन्यात बसून घेतलं. कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

राउंडच्या वेळचा वॉर्ड म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर. आजार पाहायचा तर न सांगता यावं.