खिडकीच्या गजातली काकडी

डोंबिवलीच्या आमच्या घराला मागच्या बाजूला मातीचा एक पट्टा आहे. तळमजल्याचा फ्लॅट घेताना बिल्डरने त्याला 'गार्डन' म्हटलं होतं. प्रत्यक्षात स्वयंपाकघराची भिंत आणि सोसायटीचं कुंपण यांच्यामध्ये एका माणसाला उकिडवं बसता येईल एवढीच ती जागा. पण मला तेवढी पुरली. जूनमध्ये मी चार बिया टाकल्या आणि जुलैत शेतकरी झालो. रोज सकाळी घरच्या ग्रुपवर माझा एक फोटो जायचा: भेंडीचं फूल, अळूचं पान, पडवळाची पहिली बारीक तार. नौपाड्याहून दादा लिहायचा, 'काय शेतकरीबुवा, आज काय भाव?' मला ते चिडवणंसुद्धा आवडायचं.

माझ्या हाताखाली दोन मजूर होते, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. मुलगा पाणी घालायचा, तेही बहुतेक स्वतःच्याच पायांवर. मुलगी मात्र खरी कामाची. तिने दह्याच्या रिकाम्या डब्यात काकडीची एक बी रुजवली, मग रोप स्वतःच्या हाताने खड्डा खणून मातीत लावलं. तो वेल स्वयंपाकघराच्या खिडकीवर चढला. शाळेत जाताना ती त्याला 'येते हां' म्हणून जायची.

आई नौपाड्यात दादाकडे असते. लग्न झाल्यापासून ती ऋषिपंचमीचा उपास करत आली आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं वर्ज्य. हाताने खणून परसात लावलेलं तेवढं चालतं, आणि तेही दिवसातून एकदाच. आता दादाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात परस कुठून आणणार? स्टेशनजवळची भाजीवाली 'घरचीच आहे हो आजी' म्हणायची आणि आई तिच्या शब्दावर विसंबून ती भाजी खायची. गेल्या वर्षी मात्र आईने ठरवलं, गुडघे आता ऐकत नाहीत, पुढच्या वेळी उद्यापन करायचं आणि व्रत संपवायचं. हे कळल्यावर मी फोनवर छाती फुगवून सांगितलं, "आई, यंदाची सगळी भाजी माझ्या बागेतली. नुसती तुझ्यापुरती नाही, सगळ्यांना पुरेल एवढी."

आई म्हणाली, "म्हणजे शेवटचं तरी खरं होईल रे."

श्रावण सरता सरता बागेने मान टाकली. आधी आठवडाभर धो धो पाऊस, मग एकदम चटके देणारं ऊन. पडवळ कुजलं, भोपळ्याची फुलं गळून पडली, चवळीवर मावा पडला. ग्रुपवर मी जुनेच फोटो टाकत राहिलो. हरतालिकेच्या दुपारी मुलीला घेऊन तोडणीला बसलो तर हाती आलं ते इतकं: नऊ भेंड्या, आठ अळूची पानं, मूठभर लाल माठ आणि एक काकडी. तीही खिडकीच्या दोन गजांच्या मध्ये अडकून वाढल्यामुळे पार वाकडी झालेली. मुलीने ती दोन्ही हातांत धरून घरभर मिरवली.

बायकोने टोपलीत बघितलं आणि म्हणाली, "अरे, आईंच्या पानापुरतं पुष्कळ आहे की. उपास त्यांचा आहे, तुझा थोडाच?"

तिचं बरोबर होतं. म्हणूनच मी भडकलो. बारा माणसांसमोर नऊ भेंड्या ठेवून दादाचं ऐकून घेऊ का, वगैरे बरंच काही बोललो. मग स्कूटर काढली, मुलीला पुढे उभं केलं आणि बाजार गाठला.

तिथे गावाकडच्या बायका ऋषीच्या भाजीचे वाटे लावून बसल्या होत्या. मी विचारलं, "मावशी, हाताने खणलेलं आहे ना?"

"बैल गावात उरलाय कुटं, दादा?" ती हसली. "आता सगला टॅक्टर हाय."

या उत्तराने मला केवढा धीर आला! ट्रॅक्टरला कष्ट कसले? म्हणजे शास्त्राप्रमाणे ही भाजी चालायलाच हवी. दोन मोठ्या पिशव्या भरून घेतल्या. माणसाला खोटं करायचं असलं की शास्त्रसुद्धा लगेच मदतीला येतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

घरी आल्यावर दिसलं की भाजी फारच स्वच्छ धुतलेली आहे. तेव्हा मी जे केलं ते आजही लिहिताना कान गरम होतात. मागच्या पट्ट्यातली ओली माती बादलीत कालवली आणि माठाच्या मुळांना, काकड्यांना, भोपळ्याला ती लावत बसलो. मुलगी शेजारी बसून बघत होती.

"बाबा, हे आपलं कसं?"

"आजीला आनंद व्हायला हवा ना? मग सांगायचं नाही."

तिने विचार केला, मान हलवली आणि एक काकडी उचलून तीही माती लावायला लागली. सगळं टोपलीत रचताना तिने आपली वाकडी काकडी वर ठेवली. मी ती बाजूला काढली. बाजारच्या सरळसोट काकड्यांमध्ये ती बरी दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गणपतीला नौपाड्यात पोचलो. आईने टोपली हातात घेतली, माठाच्या मुळांवरची माती बोटाने चाचपली आणि टोपली तशीच उचलून गणपतीपुढे ठेवली. धुवायलासुद्धा दिली नाही. दादा म्हणाला, "मानलं बुवा तुला." इतके दिवस याच वाक्यासाठी मी धडपडलो होतो, आणि आता ते ऐकताना त्याच्याकडे बघवेना.

पंचमीला दुपारी आई पानावर बसली. बिनमसाल्याची मिसळीची भाजी आणि वरीचा भात. पहिला घास घेऊन तिने डोळे मिटले. मग नातीला जवळ बोलावून विचारलं, "हे सगळं तू लावलंस होय गं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो आजी. मी रोज पाणी घालायचे."

न अडखळता म्हणाली. दुसरं वाक्य तर खरंच होतं. खोट्यात थोडं खरं मिसळायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन दिवस माझ्याबरोबर राहून तिला ते आपोआप आलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. आई पानावर होती, दिवसातलं तिचं एकच जेवण चाललं होतं, अशा वेळी कसं सांगायचं, असं कारण मी मनातल्या मनात तयार केलं आणि भाजी परत वाढून घेतली.

आईचं जेवण झालं. चूळ भरून ती खुर्चीत येऊन बसली. आता दुसऱ्या दिवसापर्यंत तिला काही चालणार नव्हतं. तेवढ्यात मुलीने आपल्या छोट्या बॅगेतून ती वाकडी काकडी काढली. घरून कधी घेतली होती कोण जाणे. रुमालात गुंडाळून आणलेली, एका टोकाला सुरकुतलेली.

"आजी, ही पण."

आईने चष्मा सावरून ती उलटसुलट केली. "अगंबाई, किती वाकडी! ही बाजारातली दिसते. आपल्या बागेतल्या बघ कशा सरळ होत्या." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कुठून घेतलीस रे ही?"

दादा होता, वहिनी होती, सगळे होते. बायको माझ्याकडे बघत होती. मुलगीसुद्धा बघत होती, तोंड अर्धवट उघडं ठेवून, आता बाबा सांगतील अशा खात्रीने.

"हो, वाटेत घेतली," मी म्हणालो.

मुलीने आजीच्या हातातून काकडी काढून घेतली आणि परत रुमालात गुंडाळली.

संध्याकाळी डोंबिवलीला परत निघालो. शीळफाट्याला नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. मागच्या सीटवरून काहीतरी करकर चावल्याचा आवाज आला. आरशात बघितलं तर मुलगी ती काकडी न सोलता, न कापता, देठापासून खात होती. मुलाने तुकडा मागितला, त्याला तिने दिला. बायकोलाही दिला.

मी हात मागे केला आणि म्हणालो, "मला पण दे की एक घास."

ती खिडकीबाहेर बघत होती. "तुम्हाला नको, बाबा," ती म्हणाली. "ही बाजारातली आहे."

पुढची गाडी सरकली. मी हात परत स्टिअरिंगवर घेतला.