जागेपणी ठणठणीत

अर्जदाराचे वर्णन : श्री. सुपडू देवचंद बागूल, वय सत्तेचाळीस, राहणार नवागाम, सुरत. मूळ जिल्हा धुळे. व्यवसाय लूम कारीगर, सध्या घरी. बांधा सडपातळ, वर्ण सावळा, उजवी पापणी किंचित खाली. अर्जदार समितीपुढे स्वतःच्या पायांनी हजर झाला. विचारलेल्या प्रश्नांना समर्पक उत्तरे दिली. श्वसन नियमित व विनासायास. हाक मारल्यास जागा होतो. श्वसनयंत्राची आवश्यकता आढळून आली नाही. मदतनिसाची आवश्यकता नाही.

खाली तीन सह्या. कागदातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि हीच त्याची सगळ्यात हरामखोर बाजू आहे.

सुपडू बागूल जागा असताना तुमच्याआमच्यासारखा श्वास घेतो. झोपला की घेत नाही.

गेल्या हिवाळ्यात, लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, पाळीवर असताना, त्याला भोवळ आली, उलटी झाली, आवाज घोगरा पडला आणि उजवी पापणी खाली आली. शेठ म्हणाला, पित्त असेल. इस्पितळात कळलं की मेंदूच्या बुडाशी, मान जिथं सुरू होते तिथं, रक्ताची गुठळी अडकली होती. दोन आठवड्यांत तो चालायला लागला, गिळायला लागला. फक्त त्याचा डोळा लागला की उशाशी लावलेलं यंत्र बोंबलायचं आणि नर्स येऊन त्याला हलवायची.

त्या बुडाशी, दोन्ही अंगांना, पेशींचा एकेक बारीक पुंजका असतो. काही हजार पेशी. आपण जन्मल्यापासून मरेपर्यंत श्वासाचा ठेका तिथून निघतो. पेशी एकमेकींना डिवचत हळूहळू चेततात, सगळ्या मिळून भरात येतात, तेव्हा श्वास आत येतो. मग दमून गप्प बसतात, आणि पुन्हा सुरू. अधूनमधून त्या एक खोल उसासाही टाकायला लावतात, फुप्फुसाचे मिटलेले कोपरे उघडावेत म्हणून. सुखी माणसालाही त्यातून सुटका नाही. त्यांच्यात मुकादम कोणी नाही. मुकादमाशिवाय पाळी चालते हे सुरतेतल्या कुठल्याही शेठला सांगून पटणार नाही, पण प्रत्येक शेठच्या डोक्यात ती तशीच चालते.

सुपडूचा एका अंगाचा पुंजका गेला, आणि उरलेल्याला एकट्याला ते पेलेना.

इस्पितळातल्या डॉक्टर स्नेहा मूळच्या नंदुरबारच्या. त्यांनी त्याला विचारलं, "काका, लूमची मोटर बंद पडली तर काय करता?"

"चाक हातानं फिरवतो."

"तसंच आहे हे. जागेपणी मेंदूचा वरचा भाग जोर लावतो. बोलणं, चालणं, नुसतं जागं असणंसुद्धा रेटा देतं. झोपलात की चाकावरचा हात सुटतो."

"मंग मोटर नवी बसाडा ना ताई."

"ती मिळत नाही. बाहेरून लावायचं यंत्र मिळतं. झोपताना तोंडावर मास्क, ठेका यंत्राचा."

इस्पितळानं तसं एक यंत्र महिनाभर वापरायला दिलं आणि मग परत नेलं, कारण मागे दुसरा पेशंट उभा होता. विकत घेणं बागूल कुटुंबाच्या कल्पनेत बसत नव्हतं. राहिली एक सरकारी योजना. यंत्र फुकट; फक्त समितीला गरज दिसली पाहिजे. समिती भरते सकाळी अकराला. गरज दिसते झोपेत, आणि त्या वेळी सुपडू झोपलेला नसतो.

तोवर सुपडूच्या झोपेची पाळी लावली त्याचा खात्यातला जोडीदार वाल्मिकनं. लूमच्या कामात पाळी बदलताना माग थांबवत नाहीत. जाणारा येणाऱ्याच्या हातात चालता माग देतो, हनुवटीनं खुणावतो आणि मगच निघतो. तसंच सुपडूचं. मालतीबाई, म्हणजे त्याची बायको, साड्यांच्या धागा कटिंगच्या कारखान्यात गेली की वाल्मिक किंवा शेजारची उज्ज्वला खाटेशेजारी बसायची. छाती थांबली की हलवायचं, सुरू झाली की सोडायचं. जाणारा येणाऱ्याला हनुवटीनं खुणावायचा: चालू आहे.

अशी माणसं किती दिवस पुरणार? वाल्मिकला स्वतःची झोप होती, उज्ज्वलाला स्वतःचं घर.

पहिल्या तपासणीला सुपडू दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेला. ही वाल्मिकची सूचना: साहेबापुढे जाताना माणूस कसा टवटवीत दिसला पाहिजे. अध्यक्ष साहेबांनी फाइलवरून विचारलं, "कंई तकलीफ छे?"

"ना साहेब," सुपडू ताठ उभा राहून म्हणाला, "एकदम सारू छे."

बाहेर आल्यावर मालतीबाईनं रस्त्यातच तोंड सोडलं. "सारू छे? तुमचं डोकं फिरलं का? सारू होतं तर इथं कशाला आलो, साहेबाचं तोंड बघायला?"

सुपडूला स्वतःलाच कळेना. तीस वर्षं त्यानं हेच उत्तर दिलं होतं, ठणठणीत आहे म्हणून. ताप असताना, बोट चिरलेलं असताना, कानात सतत शिट्टी वाजत असताना. खुर्चीत बसलेल्या माणसानं तब्येत विचारली की ती चौकशी नसते, चाळणी असते. "त्रास आहे" म्हणणाऱ्याचे माग दुसऱ्याला मिळतात. सगळी सुरत हे उत्तर पाठ करून जगते. शेठ लोकांनी शिकवलं, समितीनं ते प्रमाण मानलं.

डॉक्टर स्नेहांनी झोपेतल्या नोंदींचे कागद जोडून फेरतपासणी मागितली. त्या वेळी मालतीबाईनं त्याला आदल्या दिवसापासून झोपूच दिलं नाही. ती भांडत राहिली. सासूचं काढलं, दिराचं काढलं, लग्नातल्या जेवणाचं काढलं. सुपडू चिडत राहिला आणि चिडून श्वास घेत राहिला. समितीपुढच्या खुर्चीत बसवल्यावर झोपायची परवानगी द्यायला ती त्याच्या कानाशी वाकली.

"आते जपा तुम्ही. मी शे ना."

तो तिथंच झोपला. डोकं छातीवर आलं. छाती वर आली, खाली गेली, आणि राहिली. मालतीबाईचे हात पदरात आवळलेले होते.

"आता बघा साहेब. बघत राहा फक्त."

अध्यक्ष फाइल बघत होते. इथं झोपायला आलात का, अशा सुरात दुसरे सदस्य म्हणाले, "अहीं सुवा माटे आव्या छो? एने उठाडो."

"उठवू नका. त्यांचे ओठ बघा."

ओठांचा रंग बदलत होता. तिसऱ्या सदस्यांनी टेबलावरून वाकून खांदा हलवला आणि नाव घेतलं. सुपडूनं एकदम मोठा श्वास ओढला, डोळे उघडले, समोर साहेब पाहिला.

"हा साहेब. सारू छे."

अध्यक्ष साहेबांनी लिहिलं. मालतीबाई टेबलाच्या अगदी कडेला गेली.

"काय लिहिलंत?"

"हाक मारल्यावर जागा होतो. खोटं आहे का, बेन?"

"खरं आहे. मग हाक कोण मारणार तेही लिहा. रोज कोण मारणार?"

"त्याला रकाना नाही."

"ते डॉक्टरणीचे कागद वाचलेत?"

"ते झोपेतले आहेत. आम्ही जे समोर दिसतं ते लिहितो."

"समोर माझा नवरा मरत होता. तुम्ही फाइल बघत होतात."

शिपायानं दार उघडून पुढचं नाव पुकारलं. जिन्यात सुपडू डोळे चोळत म्हणाला, "कसाले उठाडं व माले? लई दिवसांनी गाढ लागली होती."

बसमध्ये त्याची मान कलली की मालतीबाई कोपरानं ढोसत राहिली, गरजेपेक्षा जोरात.

अपिलाची सोय आहे. अपील त्याच समितीपुढे चालतं.

मालतीबाईनं धागा कटिंगचं काम सोडलं. सुपडू दुपारी थोडा आणि रात्री थोडा झोपतो, आणि दोन्ही वेळा ती जागी असते.