पट्ट्याला पट्टा

पट्टा पहिल्यांदा पाठीवर पडला तेव्हा त्याचा आवाज मला ऐकूच आला नाही. कापड विणणारे लूम चालू होते. निजामपुऱ्यातल्या त्या शेडमध्ये बारा लूम एकदम धडधडायचे. दिसलं ते एवढंच, शेठचा हात वर गेला आणि समोरचे कारागीर हसले.

कारण शेठने विनोद केला होता. "पट्ट्याला पट्टा!"

त्याचा ठरलेला विनोद. कांडी भरताना, म्हणजे लूमच्या धोट्यासाठी सूत गुंडाळताना, जाड-बारीक सूत मिसळलं की कापडावर आडवी रेघ उमटते. तिला पट्टा म्हणतात. आणि लूमचा जुना चामडी पट्टा शेठने खिळ्याला टांगून ठेवलेला. कापडात पट्टा पडला की कांडी भरणारीच्या पाठीवर पट्टा. मी बारा वर्षांची होते. पाठ सोलवटली आणि मीही हसले. सगळे हसत होते म्हणून.

परभणीकडची मी. शाळा चौथीतून सुटली. आई गेल्यावर मामाने शेठच्या घरी आणून सोडलं. त्याने मागं वळून पाहिलं नाही. दिवसभर शेडमध्ये कांड्या भरायच्या, त्याबदल्यात दोन वेळचं जेवण, जिन्याखाली झोपायला जागा. शेठला मी काका म्हणायचे. मार संपला की पाया पडून म्हणायचे, "चुकलं काका, उपकार हायेत तुमचे." कुणी शिकवलं नव्हतं. भीतीने शिकवलं. वरच्या गॅलरीतून काकी, शेठची बायको, म्हणायची, "बग, कशी शानी पोर हाय." ते ऐकून मला बरं वाटायचं. आज लिहिताना लाज वाटते. पण वाटायचं.

शेजारच्या कांडी मशीनवर रशीदाआपा बसायची. तिशीची. तिच्यावर शेठ हात उचलत नसे. का, ते मला कळेना. एका दुपारी मी नळावर पाठीला पाणी लावत होते. तिने पाहिलं. बाही वर सारली. मनगटापासून खांद्यापर्यंत वळ. जुने, पांढरे पडलेले.

"बाप था. सगा. आठ साल की थी तबसे," ती म्हणाली. "मैं भी बोलती थी, अब्बा, गलती हो गई."

"मग?"

"मग काय मग? एक दिन बोलना बंद किया. हाथ सर पे जाता था, आगे लिया. पट्टा पकड लिया." तिने पान तोंडात सरकवलं. "ह्या शेठनं पण एकदा उचलला होता. विचार त्याला."

मला वाटायचं, लहानपणी असा मार खाल्लेलं माणूस आतून मोडून जातं. ही तर पान चघळत, मशीनला शिव्या देत, ताठ बसलेली. त्या दिवसापासून मी तिच्या हातांकडे बघायला लागले.

पंधरा दिवसांनी पुन्हा कापडात पट्टा पडला. ह्या वेळी सूत शेठनेच बदललं होतं. सकाळी स्वतःच्या हाताने दुसऱ्या पेटीतले सुताचे कोन माझ्यापुढे टाकले होते. मला ठाऊक होतं. त्यालाही.

"पट्ट्याला पट्टा!"

पहिला मानेवर. दुसरा कानावर, रक्त आलं. तिसरा पडता पडता लाइट गेली. बाराही लूम थांबले. त्या शांततेत पट्ट्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. सगळ्या शेडने ऐकला. कुणी हसलं नाही.

शेठ वाट बघत होता. माझ्या ‘उपकार हायेत’ची. माझे हात डोक्यावर होते. ते पुढे घेतले. चौथा फटका तळहातावर बसला आणि मी मूठ मिटली.

"सोड."

"सूत तुम्ही बदललंत."

"खातीस कोनाचं? मी बाप हाय तुजा!"

"न्हाय."

एवढंच. ‘चुकलं’ नाही, ‘काका’ नाही. त्याने पोटात लाथ घातली. मी पडले. पट्टा मुठीतच राहिला.

रशीदाआपाने मला उचललं नाही. जवळ येऊन उभी राहिली, शेठच्या आणि माझ्या मधे. "उठ," म्हणाली. मी उठले.

संध्याकाळी माझं गाठोडं गल्लीत फेकलं गेलं. तिने ते उचललं आणि तिच्या खोलीकडे चालू लागली. मी मागोमाग.

लोक म्हणाले, खाल्ल्या अन्नाला जागली नाही. अन्नाचे उपकार मी आजही मानते. माराचे मानणार नाही. ना शेठच्या, ना नवऱ्याच्या, ना देवाच्या.

मी अजून भित्री आहे. कुणी जोरात बोललं की हात आपोआप डोक्याकडे जातो. पण तिथे थांबत नाही. पुढे येतो. आणि मूठ मिटते.