पंपावरची चावी
परवा पंपावर पेट्रोलचा वास नाकात शिरला आणि नव्वद सालानंतरचा पापडी गावातला एक रविवार आठवला. पैसे न देता पळणारे वाढले म्हणून तिथल्या पंपमालकाने नियमच केला होता: आधी स्कूटरची चावी त्याच्या टेबलावर, मग पेट्रोल, आणि पैसे दिले की चावी परत. ‘आम्ही काय चोर आहोत का?’ असं पुटपुटत आम्ही सगळे निमूट चावी द्यायचो. त्या दिवशी बायकोला घेऊन भुईगावला लग्नाला निघालो होतो. पैसे देऊन चावी घेतली, वळलो, तर माझी राखाडी स्कूटर गायब आणि शेजारी तसलीच दुसरी उभी. चर्चमधल्या मिस्सेला, रविवारच्या प्रार्थनेला, उशीर होतोय म्हणत पुढे घुसलेले गृहस्थ टेबलावरची माझी चावी उचलून माझी स्कूटर घेऊन गेले होते, आणि माझ्या हातात आली होती ती त्यांची चावी. ‘अहो, माझी गाडी गेली!’ मी ओरडलो. ‘पैसे दिलेत त्यांनी,’ मालक शांतपणे म्हणाला. ‘मग मी त्यांची नेतो.’ त्याने माझ्या हातातली चावी हिसकावली. ‘अशी कशी न्याल? ती चोरी झाली ना!’ मिस्सा संपून ते गृहस्थ ओशाळत परत येईपर्यंत बायको जरीच्या साडीत हवा भरायच्या मशीनशेजारी उभी होती, आणि तिकडे लग्न लागून गेलं. आता कार आहे, चावी कुणी मागत नाही. तरी पंपावर बायको गाडीतून उतरत नाही.