शिरखारचा नकार

शिरखारच्या गावकीत हात वर करून माणसं मोजायची पद्धत कधीच नव्हती. एकाही घराचा नकार असला की बैठक मोडायची आणि पुन्हा बसायची. सगळ्यांचं एकमत झालं की गावदेवीपुढे नारळ फुटायचा. त्या नारळावर दिलेला शब्द सहसा कोणी मागे घेत नसे. धर्मराज घरत या गावकीचा पुढारी. माणूस सरळ, पण हेकट. आपलं गाव चालतं तसंच जग चालतं, असा त्याचा पक्का समज.

नवी मुंबईसाठी सरकार जमिनी घेऊ लागलं तेव्हा, त्र्याहत्तर साली, शेजारच्या मोठ्या गावचे रावसाहेब दहा गावांचा संघ उभारायला निघाले. दहा गावं एका तोंडाने बोलली तर सरकारला ऐकावं लागेल, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हातारे कां-कूं करत होते. गावातल्या मॅट्रिक झालेल्या विलासने पेपर वाचून दाखवला: विलायतेसारखं राज्यसुद्धा यंदा शेजारच्या देशांच्या संघात शिरलंय, मग आपण कोण लागून गेलो? धर्मराजला हे फार पटलं. त्याची बायको पुतळा हिने एवढंच विचारलं, की तिथं आपला नकार चालेल ना? तो हसला. नकार कुठे चालत नाही? अशी चौकशी करणंसुद्धा त्याला कमीपणाचं वाटलं. नारळ त्यानेच फोडला.

संघाने जमिनीला बरा भाव मिळवून दिला, हे कबूल करायलाच हवं. पण एक्याऐंशी साली सरकारने रस्त्यासाठी संघाकडे शिरखारचं खाजण मागितलं. भरतीचं पाणी आत घेऊन अडवायचं आणि सगळ्या गावाने त्यात मासळी धरायची, अशी ती गावाच्या सामाईक मालकीची पाणथळ. बदल्यात दहाही गावांतल्या पोरांना नोकऱ्या. संघाच्या बैठकीत धर्मराज उठला, नाही म्हणाला आणि खाली बसला. भोवती हात वर झाले, त्यांकडे त्याने लक्षही दिलं नाही. घरी आला तो मिशीत हसतच. मी नाही म्हटलंय, आता त्यांना पुन्हा बसावं लागेल, असं त्याने गावाला छातीठोकपणे सांगितलं.

आठवड्याभरात मुरुमाचे ट्रक आले. धर्मराज धावत रावसाहेबांकडे गेला. त्यांनी त्याला चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "धर्मराज, नऊ गावांचे हात वर होते. एका गावासाठी संघ थांबत नाही." त्या नऊ गावांचं काहीच जात नव्हतं, मग हात वर करायला त्यांना काय जड होतं?

गाव पेटलं. देवीची क्षमा मागू, पण संघ सोडू, असं सगळे म्हणाले. सगळे म्हणजे एक सोडून. विलासला नोकरीचा शब्द मिळाला होता. तो मान खाली घालून म्हणाला, "माझा नाय हाय." पोरं त्याच्या अंगावर धावली, तेव्हा धर्मराजच मध्ये पडला. रीतीप्रमाणे त्यालाच सांगावं लागलं, की एक नकार आहे, ठराव होत नाही, उठा.

घरी पुतळाने त्याच्यापुढे ताट सरकवलं. "संघानं तुमचा नाय पायाखाली घेतला. तुमी विलासचा डोक्याव घेतला."

खाजण बुजलं, त्यावरून रस्ता गेला. धर्मराजने पुन्हा कधी गावकी बोलावली नाही. भाऊबंदकीचं भांडण घेऊन कोणी दारात आलं, की तो खाटेवरून न उठता म्हणे, "मना काय इचारता? संघाकडं जा. तिथं हात मोजतान."