बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

एकोडीच्या घरात दुपारी मागच्या खोलीतून पेन्सिल घासल्याचा आवाज येतो. खोलीला कुलूप आहे, ते मीच लावते. भूतखेत मी मानत नाही. उंदीरही पाहून झाले.

ती खोली बाबांची. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला, पण त्यांना धास्ती होती डोक्याची. ते शाबूत आहे की नाही हे तपासायला त्यांनी एक आकडा धरला: १२३४५६७. हा कशाने तरी तुटतो, की एक आणि स्वतः सोडून त्याला कोणीच भागत नाही? डाव्या हाताने, वहीत, भागाकार सुरू झाले. दोन, तीन, पाच, सात, अकरा. अकराशे अकरापर्यंत पाहिलं की पुरे. त्याहून मोठ्या आकड्याने भाग गेला, तर जोडीचा आकडा लहान असतो आणि तो आधीच सापडतो.

"बाबा, धानाच्या रोवणीच्या बाया कोण पाहीन? हा आकडा पाहीन काय?" मी म्हणायची.

"तो तुयासारखा तोंड तं नाही चालवत."

आमच्याकडे धान मापणाऱ्याला मधेच टोकत नाहीत आणि मापलेली रास परत मापत नाहीत. बरकत जाते म्हणतात. बाबांनी वहीलाही तोच नियम लावला. केलेला भागाकार पुन्हा पाहायचा नाही.

चार महिन्यांनी ते ११०९ वर पोचले. "नाही तुटत! बाई, डोस्कं जाग्यावर हाये माह्यं. पाह्य तुया मोबाईलवर."

मी पाहिलं. "एकशे सत्तावीसनं तुटते, बाबा. नऊ हजार सातशे एकवीस येते."

"एकशे सत्तावीस तं म्या केलं होतं."

"चुकलं असंन."

"मंग गेलं म्हणा डोस्कं." ते हसले आणि वही माझ्या हातात दिली. त्यानंतर त्यांनी काही मोजलं नाही. औषधाच्या गोळ्यासुद्धा मीच मोजून द्यायची. दिवाळीच्या आधी ते गेले.

खोली आवरताना वहीतलं एकशे सत्तावीसचं पान उघडलं. नऊ, सात, दोन. तिन्ही भाग बरोबर. बाकी बारा. शेवटचा सात खाली घ्यायचा तेवढा राहिला होता. घेतला असता तर झाले असते एकशे सत्तावीस. एक भाग, बाकी शून्य. बाराखाली रेघ होती आणि पुढच्या पानावर १३१. कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. कप मीच ठेवला होता. "थंडा होऊन राहिला, आधी घ्या," म्हणून पेन्सिल खाली ठेवायला लावली होती.

पानावर एकही आकडा चुकलेला नव्हता. हे पाहायला मला दोन मिनिटं लागली. मोबाईलवर पाहिलं त्या दिवशी वही माझ्याच हातात होती, आणि बाबा समोर बसले होते.